सूपभर बोंबलांची पोर

उत्तनच्या किनाऱ्यावर थापा मारणारी माणसं काही कमी नाहीत, पण मंजुळामावशीच्या पंगतीला बसेल असं एकही नाही. तिच्या नवऱ्याच्या जाळ्यात एकदा असला मासा आला होता म्हणे, की तोंड उत्तनच्या धक्क्याला लागलं तरी शेपूट वसईच्या खाडीत वळायचं बाकी होतं. तिच्या आजीला तर खुद्द दर्याने मागणी घातली होती. आजी म्हणाली, "अंगाला खारट वास येतो, मना नको." तेव्हापासून तो बिचारा खडकावर डोकं आपटतोय. लोक ऐकायचे, मांड्यांवर हात मारायचे आणि हसत उठून जायचे. विश्वास ठेवायचं पाप कुणी कधी केलं नाही.

एकच गोष्ट मावशी वाढवत नसे, रंगवत नसे, कुणी विचारल्याशिवाय काढतही नसे. सुकटीची गोष्ट.

सुकटीची आई अनसूया. चेणे गावामागच्या डोंगरातल्या पाड्यावरून ती दर मोसमाला बोंबील वाळवायच्या कामाला यायची आणि मावशीच्या खळ्याच्या कडेला झोपडं बांधून राहायची. कामाला वाघीण, पण पोरं जगत नव्हती. एक झालं, गेलं. दुसरं झालं, गेलं. एक तर मावशीनेच फडक्यात गुंडाळून वाळूत नेलं होतं; ओल्या बोंबलासारखं गार आणि तितकंच हलकं. पुढची पोर झाली तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "इकून टाक हिला." रीतच होती तशी. पोरं नेणारी जी कुणी असते, ती आईच्या दाराशी येते. आत परक्याचा माल दिसला की वळून जाते.

मावशीला मूलबाळ नव्हतं आणि नवरा दर्यात गेला होता. तिने पोर विकत घेतली. बंदरावरच्या देवीसमोर, चार माणसांदेखत, सूपभर सुक्या बोंबलांना. अनसूया सौद्याला अशी अडून बसली की वर मूठभर जवळा घालावा लागला. नाव ठेवलं सुकटी, म्हणजे कुणाची नजर जायला नको. त्या दिवसापासून अनसूयेने तिला 'माझी' म्हटलं नाही. पदराखाली घेऊन पाजताना म्हणायची, "मावशे, तुमच्या पोरीची भूक लय मोठी."

या रितीला एक कलम होतं. घेणाऱ्याने कधी 'मी घेतली नाही' म्हणायचं नसतं. मालकाने हात झटकले की माल उघडा पडतो. आणि हे सगळं कशासाठी केलं, ते पोरीच्या कानावर जाऊ द्यायचं नसतं.

पोर वाढली. आपल्याला बोंबलांवर विकत घेतलंय एवढं तिला ठाऊक होतं, आणि ती त्याची मजा करायची. अनसूया तापाने गेली तेव्हा शाळेचा दाखला आणि दोन लुगडी एका गाठोड्यात घालून ती मावशीच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "मालकीण, माल आलाय. ठेवायचा कुठं?"

तेव्हापासून ती मावशीला मालकीणच म्हणत आली.

यंदा पाऊस दिवाळी झाली तरी हलेना. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या उंच चौकटी, वलांडी म्हणतात त्यांना, शेवाळून हिरव्यागार पडल्या. आणि एकदाचं आभाळ उघडलं तशी मासळी एकदम अंगावर आली. शेजारच्या बाळाची होडी रोज भरून यायची. बाळा अर्धेलीने, म्हणजे निम्म्या वाट्यावर, मावशीकडे माल टाकायचा. खळ्यात ओल्या बोंबलांचे ढीग, आणि हात चारच.

काम दिसायला सोपं. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. पण त्या दातांनी बोटांची चाळण होते आणि चाळणीत मीठ शिरतं. मावशी खाली बसून जोड्या लावायची, सुकटी वानरासारखी बांबूवर चढून टाकायची. वरून तिचं तोंड चालूच.

"मालकीण, खाल्ल्या पगाराला जागा. हात हलवा."

"पगार मी तुला देते का तू मना?"

"मना कुठं देतंस? मी तर इकत घेतलेली. फुकट."

सोळा संपून सतरावं लागलेलं. हनुवटीवर एक पुटकुळी, आणि तिची तिला भारी काळजी.

पलीकडच्या खळ्यात एका ठेकेदाराने लांबून, कुठल्याशा परराज्यातून पोरी आणल्या होत्या. त्यांना संध्याकाळी कुलपात ठेवायचा, त्यांची आधारकार्डं स्वतःच्या खिशात. त्यातली एक मध्येच कुठे गेली ते कुणाला कळलं नव्हतं. एका सकाळी सरकारी पथकाच्या गाड्या आल्या. ठेकेदाराला धरला, पोरींना गाडीत बसवलं. गावाने चांगलंच म्हटलं. मावशी तर म्हणाली, "मीच साहेबाला सपनात जाऊन सांगितलं होतं."

आणि मग साहेब तिच्याच खळ्यात आले.

साहेबांचं नाव जितेंद्र. मुलांच्या बाबतीतले निर्णय करणारी सरकारी समिती असते, तिचे ते. बरोबर एक पोलीस बाई, आणि कपाळाला चंदन लावलेल्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या सुचेताताई. घोडबंदर रोडच्या अंगाला डोंगराखाली करुणाधाम नावाचा देवीचा आश्रम आहे. सोडवलेल्या पोरी ठेवायचं काम सरकारने त्यांना दिलेलं.

"ही कोण तुमची?" जितेंद्रसाहेबांनी वर बघत विचारलं.

"माझी."

"मुलगी?"

"न्हाय."

"मग नात, भाची?"

"न्हाय हो. इकत घेतलेली हाय," मावशी म्हणाली. अभिमानाने म्हणाली. घरची गाय दाखवावी तशी.

साहेबांचं पेन थांबलं. "कितीला?"

"सूपभर बोंबलांना. वर मूठभर जवळा. तिची आय अडून बसली ना."

आणि नेमकी तेव्हाच सुकटी बांबूवरून ओरडली, "मालकीण, साहेबांना चहा ठेवू?"

पोलीस बाईने सुचेताताईंकडे बघितलं. बाळा होडीचं काम टाकून धावत आला, हात जोडले. "साहेब, हिचं काय ऐकता? गावातली नंबर एकची थापाडी हाय ती. हिच्या आजीला दर्याने मागणी घातलेली. विचारा कुणालाही."

बाळाने शहाणपणा केला होता. दुसरी कुणी असती तर तिथेच हसून गप्प बसली असती. पण मावशीचा संताप झाला. थाप मारली तर लोकांनी थाप म्हणावं, तिची ना नव्हती. या गोष्टीला म्हणायचं नाही.

"ए बाळा, तोंड सांभाळ. ही थाप न्हाय. देवीसमोर घेतलीय, चार माणसांदेखत. लिवा साहेब. इकत घेतली."

साहेबांनी लिहिलं.

सुकटीला वाटलं, जबाब देऊन दुपारपर्यंत परत येऊ. गाडीत चढताना पायाची वाळू झटकत म्हणाली, "जोड्या लावून ठेव. मी आली की टाकते."

मावशी जोड्या लावत बसली. लावलेल्या जोड्यांचा ढीग संध्याकाळपर्यंत कमरेएवढा झाला आणि त्याच्यावर माश्या बसल्या. वर टाकायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः बांबूवर चढायला लागली. गुडघा वाकत नव्हता, तर पोटाने सरकायची. खालून बायका म्हणायच्या, "मावशे, पडशील." ती वरून म्हणायची, "पडली तर दर्या झेलतो मना, आजीचा आशिक तो." बायका हसून आपापल्या ढिगाकडे वळायच्या. मग ती एकटीच तिथे वर लोंबत राहायची. एक अलीकडे, एक पलीकडे. बोलायला खाली कुणी नसलं की थाप सुचत नाही, हे तिला त्या मोसमात कळलं.

समितीच्या कचेरीत तिने कितीतरी खेपा घातल्या. बाकावर बसली की शेजारचा माणूस सरकायचा. एकदा शिपायाने कोपऱ्यातून सुवासाचा डबा आणला आणि तिच्या डोक्यावर हवेत फुसफुस केलं. तिच्याकडे न बघता, जणू भिंतीलाच वास येत होता. त्यानंतर ती अंघोळ करून, लिंबू चोळून जायला लागली. शेजारचा माणूस तरी सरकायचाच.

शेवटी जितेंद्रसाहेबांनी तिला आत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"मावशी, मुलगी म्हणते तुमच्याकडेच जायचं. तिचं दुसरं कुणी नाही. आम्ही गावात चौकशी केली, तुम्ही तिला नीट ठेवलीत असं सगळे सांगतात. आमची हरकत नाही."

मावशी उठायलाच लागली.

"बसा. एक गोष्ट राहिली. करुणाधामात देवीच्या पायाला हात लावून शपथ घ्यायची, की मी हिला विकत घेतलेलं नाही. नुसत्या कागदावर आता सोडत नाही. मागे एका बापाने कागदावर सही केली, पोर घरी नेली आणि महिन्यात पुन्हा विकली. लोक कागदाला भीत नाहीत हो, देवीला भितात."

मावशी पुन्हा टेकली. मग म्हणाली, "पण घेतलीय ना."

"ती रीत आहे, मला ठाऊक आहे," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "आमच्या गावीही होती. माझी आत्या मूठभर कोंड्यावर घेतलेली. म्हातारी होऊन गेली, सुखाने गेली. पण तुम्ही बोललात ते रेकॉर्डवर आहे, आणि समितीत मी एकटा नाही. एक वाक्य म्हणून टाका. कोण बघतंय?"

"तुमच्या आत्याला ज्याने घेतली," मावशीने विचारलं, "तो कधी न्हाय म्हणाला?"

साहेबांना ते माहीत नव्हतं. त्यांनी समोरची फाईल सरळ केली.

"मग तुमच्या आत्यावरनं माझ्या पोरीचं कसं सांगावं?" मावशी म्हणाली.

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा बाळाने डोक्याला हात लावला. "मावशे, अख्ख्या जन्माचा सराव हाय तुला. एक वाक्य गो."

"तेच म्हणते मी पण," मावशी म्हणाली.

ठरल्या दिवशी ती एकटी निघाली. भाईंदरला उतरून पूर्वेला आली, केबिन रोडवर सुकटीसाठी चपला घेतल्या, उंच टाचेच्या, बांबूवर चढताना काडीच्या उपयोगी नाहीत अशा. पुढच्या बसमध्ये शेजारी एक गुजराती बाई बसली होती. मावशीने तिला हिंदीत सांगितलं, की आपली पोरगी जहाजावर कप्तान आहे आणि आज सुट्टीवर येतेय. बाई म्हणाली, "अच्छा?" मावशीने जहाजाला तीन मजले चढवले. जीभ चांगली चालत होती. तिला धीर आला.

करुणाधाम स्वच्छ होतं. नको तितकं स्वच्छ. फरशी अशी की पाय ठेवताना मावशीला आपल्याच टाचांच्या भेगा मोजून घ्याव्याशा वाटल्या. भिंतीकडेने शिवणयंत्रं, एका खोलीत कॉम्प्युटर, प्रत्येक पोरीला गादी. ठेकेदाराच्या खळ्यातल्या पोरीही दिसल्या. त्यातली एक मावशीला बघून हसली. तिच्या अंगावर मांस आलं होतं. वाईट म्हणावं असं तिथे काही सापडेना.

"निशिगंधा," सुचेताताईंनी हाक मारली. "ये बाळ."

मावशीने चमकून दाराकडे बघितलं. दाखल्यावर मास्तरांनी लिहिलेलं ते नाव, पण इतक्या मोठ्याने कुणी घेत नसे.

"तिला सुकटी म्हणा," ती म्हणाली.

"एवढं सुंदर नाव असताना? आम्ही इथे ते नाव बंदच केलंय. मुलींना आपली किंमत कळायला हवी."

सुकटी आली. केस तेल लावून चापून बसवलेले, हातात गाठोडं तयार. गाल वर आले होते. हनुवटीवरची पुटकुळी गेली होती. ती मावशीच्या कानाशी पुटपुटली, "मालकीण, लवकर आटप. इथं माशाचं नाव काढलं तरी चूळ भरायला लावतात."

गाभारा लहान होता. समई, मोगरा, पायाखाली गार संगमरवर. जितेंद्रसाहेब दाराशी उभे राहिले. सुचेताताईंनी मावशीला देवीपुढे बसवलं आणि तिचा हात धरून देवीच्या पायांवर ठेवला. दगड थंड होता. ताई एक एक तुकडा सांगत गेल्या, मावशी मागोमाग म्हणत गेली.

"मी मंजुळा, देवीला साक्षी ठेवून सांगते की."

"मी मंजुळा, देवीला साक्षी ठेवून सांगते की."

"निशिगंधा हिला मी कधीही विकत घेतलेलं नाही."

मावशीने तोंड उघडलं. जिभेवर शब्द आले, नीट आले, ओळीने आले. समोर सुकटी उभी होती, गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेत. तिच्या गळ्यातली शीर उडत होती, जिवंत माणसाची उडते तशी. मावशी त्या शिरेकडे बघत राहिली आणि उघडं तोंड तसंच मिटलं.

"म्हणा," ताई हळूच म्हणाल्या.

"ताई, दुसरं कायतरी सांगा ना. मी तिला उपाशी ठेवली म्हणते. मारली म्हणते. राबवून घेतली म्हणते. सगळं देवीच्या पायाला हात लावून म्हणते."

जितेंद्रसाहेब पुढे आले. "अहो मावशी, असलं बोलाल तर तुम्हालाच आत टाकावं लागेल."

"टाका. त्याला माझी ना न्हाय."

सुचेताताई वाईट बाई नव्हत्या. त्यांनी मावशीचा हात सोडला नाही. नवल वाटल्यासारखं तिच्या तोंडाकडे बघितलं. "म्हणजे खरंच विकत घेतलीत तुम्ही?"

"घेतली."

"आणि तो हक्क तुम्ही अजून सोडत नाही?"

मावशीने सुकटीकडे बघितलं नाही. "न्हाय सोडत," ती म्हणाली.

ताईंनी तिचा हात देवीच्या पायावरून उचलला आणि अलगद तिच्याच मांडीवर ठेवला. साहेब बाहेर जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलले. अठरा पुरी होईपर्यंत पोर इथेच राहील, आणि मावशीने परत भेटायला येऊ नये.

फाटकापर्यंत सुकटीला जाऊ दिलं. मध्ये जाळी होती. मावशीने चपला जाळीखालून आत सरकवल्या. सुकटीने त्या उचलल्या नाहीत.

"ताई सांगत होत्या पहिल्यापासून," ती म्हणाली. "म्हणायच्या, तुला वस्तू समजतात ते. मी भांडली त्यांच्याशी. म्हटलं, मजेत म्हणतात ओ आमच्यात."

मावशीला सांगायचं होतं. वाळूत नेलेलं फडकं, अनसूयेची पदराखालची बोली, म्हाताऱ्यांचं कलम. पण कान पोरीचे होते.

"केस चांगले दिसतात तुझे," ती म्हणाली.

"जन्मभर थापा मारल्यास, मावशी. माझ्यासाठी एक मारवली न्हाय?"

'मालकीण' म्हणाली नाही सुकटी. 'मावशी' म्हणाली, गावातलं कुणीही म्हणतं तसं. मग आतून घंटा झाली आणि ती वळून गेली. गाठोडं पाठीवर आपटत होतं. एका मुलीने मागून येऊन चपला उचलल्या, हातात घेऊन बघितल्या आणि घालून गेली.

मावशी रस्त्याच्या कडेला बसची वाट बघत बसली. ट्रक जात होते, धूळ अंगावर घेऊन बसायला तिची हरकत नव्हती. एक बस आली, गेली. तिने हात केला नाही. दुसरी आली तेव्हा कंडक्टरच म्हणाला, "आजी, चढताय का?" तेव्हा चढली. शेजारी एक बोलकी बाई होती, तिने दोनदा काहीतरी विचारलं. मावशी खिडकीतून बाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी होड्या लागल्या. खळ्यात बायका जमल्या. बाळा टोपली खांद्यावरून उतरवत म्हणाला, "काय गो, पोर कुठंय? न्हाय सोडली?"

सगळ्यांचे हात थांबले. मावशीने पुढ्यातला बोंबील उचलला, त्याचा जबडा उघडला.

"सोडत होते," ती म्हणाली. "पोरच न्हाय म्हणाली. तिथं गादी हाय, कॉम्प्युटर हाय, पंखा हाय. म्हणाली, मावशे, मना त्या वासात परत न्हाय यायचं."

आणि ती थांबली. आता कुणीतरी हसेल, कुणीतरी मांडीवर हात मारेल.

"खरं हाय बाय," एक म्हणाली.

"आजकालच्या पोरी," दुसरी म्हणाली. "एकदा पंख्याखाली झोपली की झालं."

माना हलल्या. कुणी खोदून विचारलं नाही, कुणी दुसऱ्याकडे बघून डोळा मारला नाही. मासा वसईपर्यंत पोचलेला ज्यांना पटला नव्हता, त्यांना हे पहिल्या घासात पटलं. हात पुन्हा चालू झाले.

बाळा जवळ बसला. त्याला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की तो समजूत घालायचा. "जाऊ दे मावशे. एवढं काय लावून घेतंस? शेवटी परक्याचीच पोर."

मावशीने दुसरा बोंबील उचलला, जबड्यात जबडा अडकवला. बोटातून रक्त आलं, ते तिने लुगड्याला पुसलं.

"परक्याची न्हाय," ती म्हणाली, आणि आजूबाजूच्या सगळ्यांना, दर्यालासुद्धा ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "माझी हाय. मी घेतलीय ती."

बाळाने मान खाली घातली. मावशी जोड्या खांद्यावर टाकून उठली आणि बांबूला पाय लावला.